सहा क्रमांकाची गाडी

माणूस खोटे बोलतो, कागद खोटा करता येतो, पण छायाचित्र खोटे बोलत नाही, अशी आपणां सर्वांची एक भाबडी समजूत असते. बखरकाराने धन्याची मर्जी राखण्यासाठी चार शब्द अधिक लिहिले असतील, शाहिराने पराक्रमाला रंग चढविला असेल. काचेच्या भिंगाला मात्र कोणाची मर्जी राखावयाची नसते. ते जे समोर होते तेवढेच टिपते. हे सारे खरे मानले तरी एक गोष्ट शिल्लक राहतेच. छायाचित्राखाली जी ओळ लिहिलेली असते ती भिंगाने लिहिलेली नसते. ती माणसाने लिहिलेली असते आणि पुष्कळदा फार उशिरा लिहिलेली असते. चित्र खरे आणि चित्राखालची ओळ खोटी, असा प्रकार इतिहासात वरचेवर घडतो. त्यांपैकी एका प्रकाराची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

नोकरीनिमित्त कोलकात्यास असताना कॉलेज स्ट्रीटवरील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडण्याचा आम्हांस नाद लागला. अशाच एका संध्याकाळी छायाचित्रकलेवरील एक जाडजूड ग्रंथ हाती लागला. तो चाळताना एका पानावर आमची नजर खिळली. रस्त्यावरून एक उघडी शर्यतीची मोटार उजवीकडे धावते आहे. आत दोन माणसे वाऱ्याला तोंड देत बसली आहेत. गाडीच्या मागच्या अंगावर ६ हा आकडा आहे. गाडीचा पुढचा भाग चित्राच्या चौकटीत मावलेलाच नाही. परंतु नवल ते चाकाचे. चाक गोल नाही. ते अंड्यासारखे लांबट होऊन पुढे झुकले आहे, जणू गाडीच्याही आधी त्यालाच पुढे जाण्याची घाई झाली आहे. उलटपक्षी रस्त्याच्या कडेला उभे असलेले प्रेक्षक आणि खांब मागे कलले आहेत. वेग म्हणजे काय हे शब्दांवाचून सांगणारे असे दुसरे चित्र आमच्या पाहण्यात नाही. चित्राखाली ओळ होती : ‘फ्रान्सच्या ऑटोमोबाइल क्लबची ग्रां प्री शर्यत, १९१२, देलाज गाडी.’

या ओळीत शर्यतीचे नाव सोडले तर बाकीचे जवळजवळ सारे चुकीचे आहे, हे आम्हांस पुढे कळले. ते कसे उलगडले हे सांगण्यापूर्वी त्या झुकलेल्या चाकाचे कोडे सोडवले पाहिजे. कारण वाचकांपैकी काहींना असे वाटण्याचा संभव आहे की, हे चित्र मुद्दाम वेडेवाकडे केलेले असावे. तसे मुळीच नाही.

त्या काळच्या वेगवान कॅमेऱ्यांत काचेच्या तबकडीच्या अगदी समोर एक कापडी पडदा असे व त्या पडद्यास एक आडवी फट असे. कळ दाबली की पडदा सरके व ती फट तबकडीवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाई. म्हणजे सारी तबकडी एकाच क्षणी उजेडात येत नसे. एकेक पट्टा क्रमाक्रमाने उजळत जाई. तबकडीवर प्रतिमा उलटी पडत असल्यामुळे फट वरून खाली सरकली तर दृश्यातील जमीन आधी टिपली जाते आणि माथा मागाहून. आता समजा, गाडी ताशी ११५ किलोमीटर वेगाने जात आहे. सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शात ती साठ सेंटिमीटरांहून अधिक पुढे सरकते. चाकाचा तळ टिपला जातो तेव्हा ते एका जागी असते आणि माथा टिपला जाईपर्यंत पुढच्या जागी गेलेले असते. मग चाक पुढे झुकलेले दिसणार नाही तर काय? प्रेक्षक मागे का कलले, याचेही उत्तर यातच आहे. छायाचित्रकार गाडीचा माग घेत कॅमेरा फिरवीत होता. त्यामुळे स्थिर असलेली माणसे तबकडीवर उलट दिशेने सरकत गेली. पण त्याचा हात गाडीच्या वेगाला पुरा पडला नाही. तो पुरा पडला असता तर चाक गोलच राहिले असते. चाक पुढे आणि माणसे मागे, या दोन कलांवरून छायाचित्रकाराच्या हाताची गती गाडीहून कमी होती एवढे निश्चित सांगता येते. चित्र खोटे बोलत नाही ते असे. आपण त्याला नीट प्रश्न विचारावे लागतात, इतकेच.

हे चित्र काढणारा झाक आंरी लार्तीग हा एका श्रीमंत फ्रेंच घराण्यातील मुलगा. त्याचा जन्म १३ जून १८९४ रोजी पॅरिसजवळच्या कुर्बव्वा येथे झाला. लहानपणीच वडिलांनी त्याला कॅमेरा दिला आणि मोटारी, विमाने, उड्या मारणारी भावंडे, बागेत फिरावयास आलेल्या नटव्या स्त्रिया, जे जे हलते आणि क्षणात नाहीसे होते ते ते तो टिपीत गेला. पुढे त्याने चित्रकार म्हणून आयुष्य घालविले. छायाचित्रे घरच्या संग्रहात चिकटवून ठेवलेली राहिली. सहा क्रमांकाच्या गाडीचे हे चित्र तर फसलेले म्हणून त्याने प्रथम बाजूला टाकले होते, असे सांगतात. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात जॉन शार्कोव्स्की यांनी त्याच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरविले आणि एकोणसत्तर वर्षांचा हा गृहस्थ एकाएकी जगप्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याची चित्रे छापली. ती ज्या अंकात आली तो अंक अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या वृत्तान्ताचा असल्यामुळे घरोघर गेला. चित्राबरोबर चित्राखालची ओळही जगभर गेली. ग्रंथामागून ग्रंथांत ती उतरली आणि जितक्या वेळा उतरली तितकी ती अधिक खरी वाटू लागली.

ती ओळ अगदीच निराधार होती असे मात्र नव्हे. चित्राला २६ जून १९१२ ही तारीख दिली जात असे आणि त्या दिवशी खरोखरच शर्यत चालू होती. १९१२ ची ग्रां प्री दिएप या बंदराजवळच्या रस्त्यांवर २५ व २६ जून अशी दोन दिवस झाली. सुमारे ७७ किलोमीटरांचा एक फेरा, रोज दहा याप्रमाणे वीस फेरे, एकूण १,५४० किलोमीटरांच्या आसपास अंतर. ४७ गाड्या सुटल्या आणि प्यूजो गाडी हाकणारा झॉर्झ ब्वायो जिंकला. तारीख जुळते, स्थळ जुळते, मग शंका घेण्याचे कारण काय?

शंकेचे पहिले कारण देलाज हे नावच. देलाज कारखान्याने १९११ साली हलक्या गाड्यांची शर्यत जिंकली होती. परंतु १९१२ साली त्याने शर्यतींतून अंग काढून घेतले होते व दिएपच्या शर्यतीत त्याची गाडी नव्हती. जी गाडी शर्यतीत नव्हती तिचे चित्र त्या शर्यतीत निघणार कसे? म्हणजे ओळीतील दोन विधानांपैकी एक तरी चुकीचे असलेच पाहिजे. गाडी देलाज असेल तर वर्ष १९१२ नव्हे. वर्ष १९१२ असेल तर गाडी देलाज नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी विसंगती म्हणजे विहिरीतील पहिली पायरी होय. तेथून पुढे उतरता येते.

जुन्या शर्यतीच्या गाडीची ओळख पटवावयाची तर कोणत्या खुणा पाहाव्या? पहिली खूण रंगाची. गॉर्डन बेनेट चषकाच्या शर्यतींपासून प्रत्येक देशाने आपला रंग ठरविला होता. फ्रान्सचा निळा, जर्मनीचा पांढरा, बेल्जियमचा पिवळा, पुढे इंग्लंडचा हिरवा व इटलीचा तांबडा. पण कृष्णधवल चित्रात ही खूण नाहीशी होते. दुसरी खूण गाडीच्या तोंडाची. उष्णता घालविणाऱ्या पाण्याच्या जाळीचा, म्हणजे रेडिएटरचा, आकार प्रत्येक कारखान्याचा निराळा असे व जाणकार माणूस त्यावरून गाडी ओळखी. येथे तर गाडीचे तोंडच चौकटीबाहेर राहिले आहे! तिसरी खूण चाकांना शक्ती पोहोचविण्याच्या रीतीची. काही गाड्यांना सायकलसारख्या साखळ्या असत. १९१२ च्या शर्यतीतील प्रचंड फियाट गाड्या साखळीच्याच होत्या. इतरांत दांड्याने चाक फिरे. चौथी खूण पेट्रोलच्या टाकीची ठेवण, बैठकीची उंची, फालतू टायर बांधण्याची जागा अशा बारीकसारीक गोष्टींची. आणि पाचवी, सर्वांत बोलकी खूण, म्हणजे अंगावर रंगविलेला आकडा.

पण आकड्याचीही एक गंमत आहे. प्रत्येक शर्यतीत आकडे नव्याने वाटले जात. एकाच गाडीवर यंदा एक आकडा, तर पुढल्या वर्षी दुसरा. म्हणून वर्ष ठाऊक नसेल तर आकडा मुका आणि आकडा दिसत नसेल तर वर्ष ठाऊक असूनही उपयोग नाही. दोन्ही जुळवून पाहावे लागतात. मोटारींच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी हेच केले. शर्यतींच्या याद्या पुढे ठेवल्या आणि सहा हा आकडा कोणत्या वर्षी कोणाकडे होता हे तपासले. १२ जुलै १९१३ रोजी आमियाँ शहराजवळ झालेल्या ग्रां प्रीच्या यादीत या आकड्यापुढे नाव मिळाले ते असे : गाडी तेओदोर श्नायडर, चालक रने क्रोके.

एवढ्याने प्रकरण मिटत नाही. यादी म्हणजे कागद आणि कागदाची साक्ष दुसऱ्या साक्षीने पडताळावी लागते. सुदैवाने त्या काळी वृत्तपत्रांना छायाचित्रे पुरविणाऱ्या संस्था पॅरिसमध्ये होत्या. त्यांच्यापैकी रोल या संस्थेच्या काचा फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत. या संस्थांचे लोक कलावंत नव्हते; रोजच्या बातमीचे हमाल होते. पण त्यांची एक सवय इतिहासाच्या फार उपयोगी पडते. काचेवरच तारीख, स्थळ आणि नाव ते लिहून ठेवीत. त्या दिवशीच्या गाड्यांची अशी समकालीन चित्रे शेजारी ठेवली, टाकीची ठेवण, बैठक व आकडा ताडून पाहिला, आणि लार्तीगच्या चित्रातील गाडी श्नायडरच आहे, हा निष्कर्ष आज मान्य झाला आहे. आमियाँच्या शर्यतीत देलाजच्या गाड्या होत्या हे खरे. पॉल बाब्लो चौथा व आल्बेर गियो पाचवा आला. परंतु सहा हा आकडा त्यांचा नव्हता. श्नायडरची गाडी दिएपलाही धावली होती. म्हणून नुसत्या कारखान्याच्या नावावरून वर्ष ठरत नव्हते. कारखाना आणि आकडा या दोहोंच्या जुळणीने ते ठरले. लार्तीग चित्र काढताना अठरा वर्षांचा नव्हे, तर एकोणीस वर्षांचा होता, हेही त्याच ओघात सिद्ध झाले.

आता हा श्नायडर कोण? तेओदोर श्नायडर याने १८९४ मध्ये एद्वार रोशे याच्या भागीदारीत लियाँ येथे मोटारींचा उद्योग उभारला होता. पुढे तो वेगळा झाला व १९१० साली बझांसाँ या गावी स्वतःच्या नावाने गाड्या काढू लागला. त्या गावाची ख्याती घड्याळांसाठी. महायुद्धापूर्वीच्या त्याच्या गाड्यांची एक विशेष खूण अशी की, रेडिएटर इंजिनाच्या पुढे नसून मागे असे. म्हणजे जे तोंड चौकटीबाहेर राहिले ते दिसले असते तर कदाचित हा घोटाळा झालाच नसता! दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हा कारखाना बंद पडला आणि नाव विस्मृतीत गेले. देलाजचे तसे झाले नाही. १९१४ साली देलाज गाडीने अमेरिकेतील इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकली; १९२७ मध्ये तिने ग्रां प्रीच्या क्षेत्रात सर्वांना मागे टाकले. शिवाय १९१२ पासून देलाजचा कारखाना कुर्बव्वा येथेच, म्हणजे लार्तीगच्या जन्मगावीच होता.

चूक कशी घडली असेल याचा अंदाज यावरून बांधता येतो. लार्तीगने उतारवयात आपले संग्रह पुन्हा नव्याने लावले. चित्रे काढून दुसरीकडे चिकटविली, ओळी नव्याने लिहिल्या. पन्नास वर्षांनी एक उन्हाळा दुसऱ्या उन्हाळ्यात मिसळून जाणे हे माणसाच्या स्मृतीला साजेसेच आहे. आणि नाव आठवेना तेव्हा जे नाव सर्वांच्या ओठांवर होते तेच पुढे आले. आपल्याकडे म्हण आहे, ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी.’ कीर्तीचाही असाच नियम आहे. निनावी सुभाषित असले की ते कालिदासाच्या नावावर जमा होते, चातुर्याची गोष्ट असली की ती बिरबलाची ठरते, आणि ‘तुका म्हणे’ एवढे दोन शब्द जोडले की कोणा अज्ञात भक्ताचा अभंग गाथेत जाऊन बसतो. मोठ्या नावाच्या पोटात लहान नावे अशी गडप होत असतात.

चित्रांच्या बाबतीत हा धडा आपण महाराष्ट्रीयांनी स्वतःच्या घरी शिकलेला आहे. इब्राहिम खान नावाच्या भलत्याच पुरुषाचे चित्र एके काळी शिवछत्रपतींचे म्हणून आपल्यात पूजिले जात होते. वा. सी. बेंद्रे यांनी चिकाटीने शोध घेऊन १९३३ साली महाराजांचे समकालीन चित्र उजेडात आणले, तेव्हा तो भ्रम दूर झाला. भक्तीला पुरावा लागत नाही, परंतु इतिहासाला लागतो, ही शिकवण त्या शोधाने दिली. गाडीची गोष्ट त्यापुढे क्षुल्लक खरीच. पण तपासाची रीत तीच आहे : ओळीवर विश्वास ठेवू नये, चित्राला विचारावे, आणि चित्राच्या साक्षीला समकालीन कागदाची जोड द्यावी.

यावर कोणी रसिक म्हणेल की, गाडी देलाज असो की श्नायडर, चित्राच्या सौंदर्यात तिळभरही फरक पडत नाही. मग हा खटाटोप कशासाठी? कलेच्या दृष्टीने हे म्हणणे आम्ही मान्य करतो. परंतु त्या गाडीत दोन माणसे बसलेली आहेत, हे विसरता येत नाही. आमियाँच्या शर्यतीचा फेरा ३१.६ किलोमीटरांचा, असे २९ फेरे, एकूण सुमारे ९१७ किलोमीटर. दर शंभर किलोमीटरांस वीस लिटरांहून अधिक पेट्रोल वापरावयाचे नाही, असा कडक नियम. विजेत्या ब्वायोला आठ तासांस थोडे कमी, इतका वेळ लागला. डोके वाचविणारे शिरस्त्राण नाही, कमरेला पट्टा नाही, पुढे काच नाही. शर्यतीच्या आदल्याच महिन्यात प्यूजोचा पॉल झुकारेल्ली हा नामांकित चालक हमरस्त्यावर गाडीची परीक्षा घेत असताना आडव्या आलेल्या शेतकऱ्याच्या गाडीवर आदळून आपल्या मदतनिसासह ठार झाला होता. हे ठाऊक असूनही ही माणसे त्या बैठकीवर चढली. पुढल्याच वर्षी युद्ध पेटले; लागोपाठ दोन वर्षे जिंकणारा ब्वायो वैमानिक होऊन १९१६ साली लढाईत पडला. त्याचे नाव तरी पुस्तकांत राहिले. क्रोके जिंकला नाही, म्हणून त्याच्या नावाला पुस्तकांत जागा मिळाली नाही. आणि दैवाची थट्टा अशी की, त्या शर्यतीचे जे एकच चित्र साऱ्या जगाने पाहिले ते विजेत्याचे नसून त्याचे आहे. पण त्याच्या खाली त्याचे नाव नव्हते! दीर्घकाळ लोक त्या माणसाकडे पाहत होते आणि त्याला ओळखत नव्हते. त्याचे नाव त्याला परत देणे हा खटाटोप आम्हांस तरी व्यर्थ वाटत नाही.

या मासिकाचे वाचक बहुतेक सरकारी कामात केस पांढरे केलेले. चुकीची ओळ कशी अमर होते हे त्यांना आम्ही काय सांगावे? एखाद्या प्रकरणात पहिल्या कारकुनाने घाईत एक शेरा मारलेला असतो. दुसरा तो जसाच्या तसा उतरवितो, तिसरा ‘पूर्वी नमूद केल्याप्रमाणे’ असे लिहितो आणि चौथ्याच्या वेळी मूळ कागद उघडून पाहण्याची कोणास गरजच वाटत नाही. लार्तीगच्या चित्राचे असेच झाले. फरक एवढाच की, येथे कोणीतरी शेवटी मूळ कागद उघडला.

आणि आपल्या घरच्या चित्रांचे काय? आपण बदलीच्या फेऱ्यांत आज शिलाँग, उद्या भुवनेश्वर, परवा जबलपूर असे हिंडणारे लोक. सामानाबरोबर एक जुनी पेटी फिरत असते. तिच्यात पिवळी पडलेली छायाचित्रे असतात. पगडी घातलेले कोणी आजोबा, लुगड्याच्या पदराआड अर्धे तोंड लपविलेली कोणी आत्या, कोण्या संस्थानी कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेले पंचवीस कर्ते पुरुष. यांपैकी कोण कोणता हे सांगणारे वृद्ध माणूस गावी असते आणि आपण रजेवर जाऊ तेव्हा विचारू म्हणतो. एका रजेत ते राहून जाते, आणि पुढच्या रजेत सांगणारे माणूसच राहत नाही. मुले मग ज्याचे नाव माहीत असते त्याचेच नाव त्या चेहऱ्याला देतात. क्रोकेच्या मदतीला यादी होती, काचेवर लिहिलेली तारीख होती. आपल्या आजोबांच्या अंगावर कोणी आकडा रंगविलेला नाही.

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती आहे. पुढच्या खेपेस ती पेटी उघडाल तेव्हा एक मऊ शिसपेन्सिल जवळ ठेवावी आणि ज्याची खात्री आहे तेवढेच नाव, गाव आणि साल चित्राच्या मागे लिहावे. ज्याची खात्री नाही तेथे कोरी जागा ठेवावी. कोऱ्या जागेत उद्या कोणी खरे नाव लिहू शकेल. चुकीच्या नावावर ते लिहावयास फार वर्षे लागतात.